मुरलेली सिगार

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, कारकून कचेरीत मुरतो आणि घरजावई सासरी मुरतो, एवढं मला ठाऊक होतं. सिगारसुद्धा मुरते, हे ज्ञान मात्र मला मेव्हण्यांमुळे झालं. परदेशातून येताना त्यांनी माझ्यासाठी एक क्युबन सिगार आणली आणि बजावलं, "भाऊजी, लगेच ओढायची नाही. मुरू द्यायची."

मी आज्ञाधारक माणूस. सिगार ट्रंकेत, लोकरी कपड्यांच्या घडीत ठेवली आणि विसरलो. आमच्या मौद्यात लोकरी कपड्यांना वर्षातून आठ-दहा दिवसच हात लागतो. त्यामुळे सिगारला चांगली १४ वर्षं एकांतवास मिळाला. गेल्या हिवाळ्यात मेव्हणे आले, हिने त्यांच्यासाठी शाल काढली आणि शालीतून सिगार ओसरीवर घरंगळली. मेव्हण्यांना गहिवरून आलं.

आता परीक्षण करायचं तर आधी थोडं शास्त्र हवं. सिगारची अंगं तीन. आत भरण, त्यावर बांधणीचं पान आणि सर्वांत वर देखणं वेष्टण, तिन्ही तंबाखूचीच. ती सीडरच्या लाकडी पेटीत, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत जपून ठेवली, की नव्या तंबाखूतला अमोनियाचा उग्रपणा हळूहळू जातो आणि चव गोलसर होते. मौद्याला मे महिन्यात आर्द्रता हवी असेल, तर माठाला टेकून बसावं लागतं. आमच्या ट्रंकेत सीडरच्या जागी डांबराच्या गोळ्या होत्या, एवढाच काय तो फरक.

धूर घशाखाली न्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. (तोंडाच्या कॅन्सरला ही सवलत मान्य नाही, असं डॉक्टर सांगतात, पण त्या संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना बोलावलं नव्हतं.) सिगारचे तीन तृतीयांश मानतात आणि प्रत्येकाची चव वेगळी सांगतात. पहिल्या तृतीयांशात मेव्हण्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चामडं... कोको... पहिल्या पावसाची माती." मला डांबराची गोळी लागली. दुसऱ्या तृतीयांशात त्यांना भाजलेला बदाम भेटला, मला माझा जुना स्वेटर भेटला. तेवढ्यात वरचं पान कांद्याच्या सालीसारखं सुटू लागलं आणि राख माझ्या पायजम्यावर पडली. "चांगल्या सिगारची राख अशी गळत नाही," मेव्हणे म्हणाले. राखेबद्दल मौदेकराला कुणी शिकवू नये. गावाशेजारी २,३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मावशींचा आवाज आला, "काय जळून रायलं, बाबू?"

मावशींचं माहेर भंडाऱ्याकडचं, म्हणजे बिडीच्या मुलखातलं. त्यांनी तीस वर्षं बिड्या वळल्या. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं. हिशेब हजाराचा. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस माल तपासायचा. नापसंत बिडीला म्हणायचं छाट. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाट परतही मिळत नसे. म्हणजे परीक्षक पुस्तक वाईट ठरवायचा आणि खुशाल घरी घेऊन जायचा. बिडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली एकच कायदा झाला, त्यात नापसंत मालाच्या तंट्याचीही तरतूद होती. पण तो मावशींच्या ओसरीपर्यंत काही चालत आला नाही. मावशींनी जन्मात एक बिडी ओढली नाही. तंबाखूच्या भुकटीनं खोकला मात्र दिला, तो बिनहिशेबी.

मावशी आत आल्या. सिगार विझवून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला नाही. नुसतं बोट आणि अंगठा यांत धरून टोकापर्यंत दाबत नेली.

"हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कोठं ढिली नाही, कोठं गाठ नाही. सूत कोठं गेलं?"

"सूत नसतं, डिंकानं चिकटवतात," मेव्हणे म्हणाले.

"हजाराले किती देतेत?"

मेव्हणे गप्प. त्यांना क्युबातला तंबाखूचा जिल्हा ठाऊक होता, माती ठाऊक होती, हंगाम ठाऊक होता. वळणाऱ्याची मजुरी तेवढी त्यांच्या कुठल्याच तृतीयांशात आली नव्हती. सावरून घेत त्यांनी सांगितलं, की हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक माणूस उंचावर बसून कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवत आला आहे. एका सिगारला तर 'माँटेक्रिस्टो' हे नाव अशाच एका कादंबरीवरून मिळालं.

"वाचून दाखवे?" मावशींचे डोळे मोठे झाले. "आमाले तं नुसतं मोजून दाखवत. तेबी कमी."

मग त्यांनी ते सुटलेलं पान पुन्हा नीट बसवलं. सवयीचा हात. सिगार मला परत दिली आणि निकाल सांगितला, "छाट हाय. पन वळनाऱ्याची चूक नाही, ठेवनाऱ्याची हाय. त्याचे पैसे नोका कापू."

आयुष्यभर मी पुस्तकांची परीक्षणं वाचत आलो. करणाऱ्याचा गुण आणि बाळगणाऱ्याचा दोष इतका स्वच्छ वेगळा काढलेला मी क्वचितच पाहिला.

जाताना मेव्हण्यांनी विचारलं, "पुढच्या खेपेला आणखी एक आणू?"

म्हटलं, "एखादी गोष्टीची पुस्तकं आणा, मावशींना वाचून दाखवीन. आणि सिगार आणायचीच असेल, तर हजाराचा भाव विचारून या."