एकट्याचा वाद्यवृंद : रेमो फर्नांडिस यांच्या ‘गोअन क्रेझी!’ची समीक्षा

प्रस्तावना :
‘सान्ताना’ या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘अब्राक्सस’ (१९७०) या संगीतसंग्रहाने लॅटिन रॉक ही संगीतधारा जगभर पोहोचवली. विद्युत गिटार आणि काँगा, टिंबाले ही तालवाद्ये त्यात बरोबरीने बोलतात. गोव्यात १९८४ साली आलेला रेमो फर्नांडिस यांचा ‘गोअन क्रेझी!’ हा संग्रह या धारेशी नाते सांगतो. हे नाते अनुकरणाचे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
गोव्यात १५१० ते १९६१ या काळात पोर्तुगीज राजवट होती. चर्च आणि त्याला जोडलेल्या शाळांतून युरोपीय स्वरलेखन व व्हायोलिन रुजले; कोकणी मांडो आणि दुलपद यांनी ते पचवले. त्यामुळे रेमो यांच्यासाठी लॅटिन सूर हा आयात माल नसून वारसा आहे. केवळ इंग्रजी शब्दांमुळे या गाण्यांना पाश्चात्त्यांची नक्कल ठरवणे अन्यायाचे होईल.

खरी मर्यादा अन्यत्र आहे. शिवोली येथील राहत्या घरी, चार मार्गिकांच्या कॅसेटयंत्रावर रेमो यांनी सर्व वाद्ये स्वतः वाजवली आणि सर्व आवाजही स्वतःच दिले. अशा ध्वनिमुद्रणात एका थरावर दुसरा थर चढतो; परंतु आधीचा थर नंतरच्याला उत्तर देऊ शकत नाही. ‘सान्ताना’चे वादक परस्परांचे ऐकून लय फुलवतात. लावणीतील ढोलकीचे बळही याच साथसंगतीत असते. ‘गोअन क्रेझी!’मध्ये ही देवघेव नाही.

मात्र या एकटेपणानेच स्वातंत्र्य दिले. कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोहोचवणाऱ्या कलावंताला कोणाची मर्जी राखावयाची नव्हती. म्हणूनच गोव्याच्या जीवनाकडे थट्टेने आणि ममत्वाने पाहणारा त्यांचा शब्द निर्भय राहिला. लयीत जे गमावले, ते शब्दात कमावले.

निष्कर्ष :
‘ओल्ड गोअन गोल्ड’ (१९८५) या पुढच्या संग्रहात रेमो गोव्याच्या जुन्या कोकणी व पोर्तुगीज गाण्यांकडे वळले. ही गाणी मुळात मेळ्याने गावयाची; वाद्यवृंदाची उणीव जणू परंपरेने भरून काढली. आज भ्रमणध्वनीवरही घरबसल्या अनेक मार्गिकांचे ध्वनिमुद्रण होते. आपल्या वऱ्हाडातील दंडार वा खडी गंमत अशा साधनाने मुद्रित करताना प्रत्येक कलावंत वेगळा बसवून थर रचावेत, की सर्वांना एकत्र बसवून त्यांची देवघेव टिपावी? ‘गोअन क्रेझी!’चे यश आणि उणीव, दोन्ही ध्यानात घेतल्यास दुसरा मार्ग श्रेयस्कर ठरतो.