वीत, हात, वाव

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात एका पापडवाल्या काकांसमोर मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो आणि ठरवत होतो: हे माझ्यापासून एक माणूस लांब आहेत की दोन माणसं? प्रश्न वेडगळ वाटेल, पण हातातल्या नव्याकोऱ्या पेंटॅक्स १७ ने तो विचारला होता. भिंगाभोवतीच्या कड्यावर सहा चित्रं कोरलेली आहेत: फूल, काटा-सुरी, एक माणूस, दोन माणसं, तीन माणसं आणि डोंगर. समोरची वस्तू यांपैकी कोणत्या चित्राइतकी लांब आहे हे आपण ओळखायचं आणि कडं तिथवर फिरवायचं. कॅमेरा स्वतः काही शोधत नाही. ‘‘निकालो ना भाऊ,’’ काका म्हणाले, ‘‘तब तक पापड दुबारा सूख जाएगा.’’

रोलचा जमाना संपला असं बहुतेकांनी मनाशी धरलेलं असताना, जून २०२४ मध्ये पेंटॅक्स बनवणाऱ्या रिकोने हा कॅमेरा जाहीर केला. सेल आणि रोल वगळता २९० ग्रॅम वजन. वरचं आणि खालचं झाकण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, बाकी अंगावर प्लॅस्टिक बरंच. पहिल्यांदा उचलला तेव्हा खेळण्यासारखा हलका वाटला, थोडा हिरमोडही झाला. मग अंगठा लिव्हरवर गेला.

या लिव्हरवर थांबायला हवं. शटर विजेवर चालतं, प्रकाशाचं माप विजेवर घेतलं जातं; रोल पुढे सरकवायला एक चिमुकली मोटर बसवणं काही अवघड नव्हतं. ती बसवलेली नाही. प्रत्येक फोटोनंतर लिव्हर अंगठ्याने ओढायची, आतले दाते करकरतात, आणि एका जागी ती ठाम अडते. माझ्या लहानपणी घरात बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक-३ होता. त्याच्या पाठीला लाल काचेची खिडकी असे. तिच्यातून पुढचा आकडा सरकत येईपर्यंत चावी हळूहळू फिरवायची. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, म्हणजे बारा वेळा घरभर शांतता. नव्या लिव्हरमध्ये ती धास्ती नाही, पण हाताला काम तेच आहे.

शिवाय इथे कंजूषपणाचं कारणही उरत नाही. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलवरच्या एका चित्राच्या जागेत हा कॅमेरा १७ बाय २४ मिलिमीटरची दोन चित्रं बसवतो; छत्तीसच्या रोलवर बहात्तर. ही युक्ती जुनी. १९५९ च्या ऑलिंपस पेनने ती घरोघरी नेली. पण तिचा एक परिणाम हातात घेतल्याशिवाय कळत नाही: कॅमेरा आडवा धरला की चौकट उभी दिसते. सगळं जग आडवं पाहायची सवय लागलेल्या डोळ्याला पहिले दहा फोटो अडखळल्यासारखं होतं.

जरीपटक्यात मात्र ही उभी चौकट चपखल बसली. नाव मराठ्यांच्या झेंड्याचं आणि कानावर येते ती सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. बाजारात चिंचोळं दुकान, त्यावर पाटी, पाटीवर दुसरी पाटी, वर गॅलरीत वाळणारे कपडे, त्याहून वर पाण्याची टाकी. हे सगळं एका चौकटीत, दोन्ही बाजूंना काही न सांडता.

आता पुन्हा त्या कड्याकडे. खालच्या बाजूला मीटर-फुटांचे आकडे आहेत: पाव मीटर, अर्धा, १.२, १.७, तीन, आणि अनंत. दोन दिवस मी आकड्यांनीच चाललो आणि चुकत राहिलो. मग लक्षात आलं, ही मापं आपल्या आजीला पाठ होती. पाव मीटर म्हणजे वीत आणि वर बोटभर. अर्धा मीटर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात, थोडा सैल. १.७ म्हणजे दोन्ही बाहू पसरल्यावरची वाव. साडी, दोर, विहीर, सगळं ज्यांनी मोजलं तीच. प्रकाशाचा हिशेब कॅमेऱ्याने स्वतःकडे ठेवला आणि अंतर आपल्या अंगावर सोडलं, ही वाटणी मला फार आवडली. उलटी वाटणी करणारे कॅमेरे पुष्कळ असतील. त्यांच्यात माणूस नुसता बघ्या होतो.

तक्रार करायची तर शटरचा वेग आपल्याला ठरवता येत नाही. तबकडीवरचे पर्याय निवडायचे आणि कमी-जास्त उजेडाची एक वेगळी चकती फिरवायची, एवढंच. सर्वांत जलद वेग सेकंदाचा साडेतीनशेवा भाग. भिंग पुरतं मिटलं तरी चारशेचा रोल नागपूरच्या भर दुपारी अगदी काठावर येतो. मी दोनशेचा घातला होता. रोलचा वेगही चकतीवर स्वतः लावायचा असतो. पूर्वी डबीचा कागद फाडून कॅमेऱ्याच्या पाठीला खोचत, ती सवय आता परत लागली.

काकांच्या बाबतीत मी ‘एक माणूस’ ठरवलं. दुकानाच्या सावलीत भिंग पूर्ण उघडं ठेवलं, खटका दाबला. शटर इतकं हळू वाजलं की काकांना कळलंच नाही. ‘‘दिखाओ,’’ म्हणाले. रोल आहे, दिसत नाही, सांगितल्यावर त्यांनी कॅमेरा हातात घेऊन पाठ उलटून पाहिली, तिथे पडदा नाही याची खात्री केली, आणि परत दिला. मी अर्धा किलो पापड बांधायला सांगितले.

धुऊन आलेल्या पट्टीवर काकांची दोन चित्रं शेजारी आहेत. पहिल्यात काका किंचित पुसट आणि त्यांच्या पुढ्यातला तराजू रेखीव. म्हणजे ते वावभर लांब होते. दुसऱ्यात काकांच्या डोळ्याखालची सुरकुतीही मोजता येते. मधल्या काळात मी कड्याला हात लावला नव्हता. पैसे द्यायला पुढे झालो होतो, आणि तिथूनच खटका दाबला होता.