पृष्ठविकासाचा पाठ आणि तांबट आळी : एक चिकित्सा

अभियांत्रिकी आलेखनाच्या पाठ्यपुस्तकांत पृष्ठविकास हे प्रकरण परंपरेने असते. वृत्तचिती उलगडली की आयत मिळतो. ७ सेंमी त्रिज्या व २१ सेंमी तिरकस उंचीचा शंकू उलगडला की १२० अंशांची वर्तुळपाकळी. ही भूमिती निर्दोष आहे. परंतु तिच्यातील पत्र्याला जाडी नसते आणि सांधाही नसतो. १ मिमी जाडीच्या पत्र्याचे २०० मिमी आतील व्यासाचे नळकांडे करावयाचे झाल्यास मध्यव्यासानुसार ६२८.३ ऐवजी ६३१.५ मिमी लांबी घ्यावी लागते. सांध्याच्या घडीसाठी सोडावयाचा पत्रा वेगळाच.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवेकाळापासून तांबेकामासाठी ओळखली जाते. बंबाचे नळकांडे पत्रा वळवून व सांधून करता येते. घंगाळाचा गोल बुडाचा भाग मात्र पत्रा ठोकून, ताणूनच घडतो. गोलाचा पृष्ठभाग न ताणता सपाट होत नाही, हे गाउसच्या १८२७ मधील प्रमेयातून निष्पन्न होते. हीच गोष्ट तांबट हातोडीने जाणतो. पाठ्यपुस्तक मात्र गोलाच्या पाकळ्या काढून थांबते. त्या विकासातील अपूर्णतेचे कारण विद्यार्थ्यास उमगत नाही.

आयटीआयमध्ये शीट मेटलच्या प्रशिक्षणार्थ्यास सांध्याची सूट शिकवली जाते. पदवीच्या विद्यार्थ्यास ती गौण का वाटावी? पृष्ठविकासाच्या प्रत्येक प्रश्नात जाडी, सांधा आणि धातूचा ताण यांचा विचार अपेक्षित धरला, तरच आकृतीचे गुण पत्र्यावरही खरे ठरतील.