फुकट आणि मुक्त

अमरावतीच्या राजकमल चौकात कुणालाही विचारा, लिनक्स वापरता का? उत्तर येईल, "नाही बा." खिशात मात्र अँड्रॉइड फोन असेल, आणि अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचंच कर्नल आहे.

१९८३ मध्ये, अमरावती विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, रिचर्ड स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं कर्नल लिहिलं आणि पुढच्या वर्षी ते ग्नूच्या परवान्याखाली आणलं. अट साधी: वाचा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्या.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत. त्यातला फरक समजावण्यात स्टॉलमनची वर्षं गेली. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आयते होते. तरी आपण 'फुकट'च उचलला, आणि फुकटचं म्हणजे हलकं, हे आपल्या डोक्यात पक्कं. त्यात चोरीच्या सीडीवरचं विंडोजही फुकटच मिळायचं. मग लिनक्सकडे वेगळं काय उरलं? मुक्तपणा. तो कुणी नीट सांगितलाच नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गांत संगणक म्हणजे विंडोज हेच समीकरण रुजलं. सीडॅकनं २००७ मध्ये भारतीय भाषांसह 'बॉस' लिनक्स आणलं, पण ते सरकारी योजनेसारखं वरून आलं. लिनक्सप्रेमी मंडळीही नवख्यासमोर आधी कमांडच मांडत बसली.

खरं तर वऱ्हाडाला हे कळायला सोपं आहे. पूर्वी कपाशीचं बियाणं घरचं राखायचे, शेजाऱ्याला द्यायचे. संकरित वाण आल्यावर दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागलं. लिनक्स म्हणजे घरचं बियाणं. ते राखायला मेहनत लागते, हेही तितकंच खरं. पण पुढच्या हंगामाचा निर्णय आपल्या हातात राहतो.

फोनमध्ये तो हातात नाही. कर्नल मुक्त असलं तरी त्यावर कुलूप कंपनीचं असतं. स्क्रीन धड, बॅटरी धड, तरी अपडेट बंद झाले की काही वर्षांनी बँकेचं ॲप चालेनासं होतं. अकोल्यात महिन्याच्या हप्त्यावर फोन घेणाऱ्या पोरासाठी हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नाही, पुढच्या हप्त्याचा आहे. दुकानात आपण विचारतो, "केवढ्याचा?" त्यासोबत हेही विचारून पाहा: अपडेट किती वर्षं? आणि ते संपल्यावर कुलूप उघडता येतं का?