मैत्रीची परीक्षा घेणारी जादू

अर्थसीच्या द्वीपसमूहात रोक नावाच्या बेटावर जादूची शाळा आहे. तिथला गेड हा अतिशय हुशार मुलगा. जॅस्पर नावाच्या विद्यार्थ्यावर मात करण्याच्या ईर्ष्येने तो मृतांच्या जगातून एका आत्म्याला बोलावतो आणि त्याच फटीतून एक काळी सावली जगात मोकळी सुटते. गेड कसाबसा वाचतो, पण त्याचा स्वतःवरचा विश्वास पार उडतो. अशा वेळी शाळा सोडून निघालेला त्याचा मित्र व्हेच त्याला आपलं खरं नाव सांगतो. या जगात ज्याला तुमचं खरं नाव ठाऊक, त्याच्या हाती तुमचा जीव. व्हेचला हे पुरेपूर माहीत आहे.

उर्सुला ली ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ची. किशोरवयीनांसाठी लिहिल्या गेलेल्या फँटसीच्या मालिका पुढे उदंड झाल्या, पण त्या जोखायला हा प्रसंग आजही पुरतो. इथे मैत्रीचं वर्णन करावं लागत नाही, कारण जादूचा नियमच मैत्रीला मोल देतो. नावाचा नियम काढून टाकला तर व्हेचचं ते बोलणं नुसतं सौजन्य उरेल.

या कसोटीवर जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका कुठे बसते? १९९७ ते २००७ या काळात आलेल्या तिच्या सात भागांनी जगभरच्या मुलांना जाडजूड पुस्तकं वाचायची गोडी लावली. हॅरी, रॉन आणि हर्मायनी यांची मैत्री जुळते ती मुलींच्या स्वच्छतागृहात शिरलेल्या ट्रोलमुळे. त्यात मंत्रापेक्षा धाडसाचा आणि हर्मायनीने मित्रांसाठी शिक्षकांसमोर मारलेल्या थापेचा वाटा मोठा आहे. मालिकेतली मैत्रीची सर्वांत खरी पानं मात्र शेवटच्या भागात सापडतात. मालिकेचा खलनायक व्होल्डेमॉर्ट याच्या आत्म्याचा तुकडा असलेलं लॉकेट तिघं आळीपाळीने गळ्यात घालतात. रॉनच्या मनात आधीपासून साचलेला मत्सर ते लॉकेट फुगवतं आणि तो मित्रांना सोडून निघून जातो. थोरल्या भावांच्या सावलीत वाढलेल्या, प्रसिद्ध मित्राच्या शेजारी उभं राहून थकलेल्या मुलाचं हे दुखणं जादूशिवाय इतकं उघडं पडलं नसतं.

तरीही या मालिकेतली मैत्री जादूच्या शाळेतल्या चार घरांच्या भिंतींत अडकून पडते. अकराव्या वर्षी डोक्यावर टोपी ठेवून मुलांची वाटणी होते आणि सात भागांत स्लिदरिन या घराचं एकही मूल या तिघांचं जिवलग होत नाही. हर्मायनीच्या वाट्याला अभ्यास, नियोजन आणि वेळोवेळी सुटका करणं येतं. जादूगारांच्या घरी राबणाऱ्या एल्फांच्या हक्कांसाठी ती चळवळ उभी करते, तेव्हा मित्र तिची टर उडवतात. रोलिंग यांना ही विषमता दिसते, पण त्या तिच्या मुळाशी फारशा जात नाहीत.

टॅमोरा पीअर्स त्या मुळाशी गेल्या. ‘सर्कल ऑफ मॅजिक’ ही त्यांची चार भागांची मालिका १९९७ ते १९९९ या काळातली. सँड्री उमरावाची मुलगी, ब्रायर रस्त्यावरचा चोर, डाजा जहाज बुडून एकटीच वाचलेली आणि म्हणून स्वतःच्या व्यापारी जमातीने वाळीत टाकलेली, तर ट्रिस घरच्यांना नकोशी झालेली. भूकंपात चौघं जमिनीखाली अडकतात आणि सँड्री चौघांची शक्ती एका धाग्यात कातते. जीव वाचतात, पण पुढे एकाची जादू दुसऱ्यात झिरपू लागते आणि कुणाच्या हातून काय घडेल याचा नेम राहत नाही. २००५च्या ‘द विल ऑफ द एम्प्रेस’मध्ये हे चौघं मोठे होऊन पुन्हा भेटतात, तेव्हा त्यांनी आपापली मनं एकमेकांना बंद केलेली असतात. वाढत्या वयात मैत्रीला येणारा दुरावा इतक्या नेमकेपणाने फार थोड्या मालिकांत आला आहे.

मॅगी स्टीफव्हेटर यांनी ‘द रेव्हन सायकल’मध्ये (२०१२ ते २०१६) मैत्रीतल्या विषमतेचा प्रश्न पैशाच्या अंगाने मांडला. व्हर्जिनियातल्या एका गावी गॅन्सी हा श्रीमंत मुलगा झोपी गेलेल्या वेल्श राजाचा शोध घेतो आहे. ॲडम हा त्याचा मित्र कामं करून स्वतःची फी भरतो आणि गॅन्सीचे पैसे ठामपणे नाकारतो. त्यांच्यातल्या ब्लू या मुलीची शक्ती तर केवळ इतरांची शक्ती वाढवण्यापुरती आहे.

नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’ (२०११) आणखी पुढे जाते. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, नायजेरियातल्या आबा शहरात राहणारी सनी वर्णहीनतेमुळे उन्हात खेळू शकत नाही. तिच्या मित्राला, ओर्लूला, वाचताना अडचण येते. जादू जाणणाऱ्या समाजात मात्र अशा उणिवांतूनच शक्ती उगवते. इथे नवं ज्ञान मिळालं की आकाशातून नाणी पडतात. श्रीमंती येते ती शिकण्यातून.

गेल्या दशकात या साहित्याचा काटा प्रणयाकडे झुकला. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) किशोरांसाठी म्हणून आली आणि पुढे प्रौढांच्या फळीवर गेली. प्रेमकथेला विरोध असण्याचं कारण नाही. पण त्या लाटेत मित्र नायिकेचे सल्लागार किंवा युद्धातली शिबंदी होऊन बसतात आणि तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाची जागा आक्रसते. त्या वयात मित्राने अबोला धरणं हे जग बुडाल्यासारखंच असतं.

मराठी मुलांना हॅरीची हॉगवर्ट्स ही शाळा ‘हॅरी पॉटर आणि परीस’मधून भेटली. त्याआधी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणेसारखा अस्सल इथला दोस्तही दिला. मराठी प्रकाशकांनी आणि अनुवादकांनी आता व्हेच, डाजा आणि सनी यांच्याकडे वळावं. आणि ज्या पालकांना ही पुस्तकं इंग्रजीत मिळतील, त्यांनी ती मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः वाचावीत. गेडला त्याच्या मित्राने काय दिलं, याबद्दल मग घरात बोलता येईल.