धुरा कोणी सरकवायचा? मतदारसंघांच्या रेषा आणि न्यायाचा प्रश्न

मंडळी, फुलचूरला व्याख्यान द्यायचं आणि धुऱ्याचा उल्लेख करायचा नाही, हे आम्हाला जमणार नाही. धानाच्या पट्ट्यात दोन भावांच्या बांध्यांमधला धुरा वीतभर सरकला तरी बोलचाल बंद होते, प्रकरण तहसीलपर्यंत जातं. तिथे मोजणीला कोण येतो? सरकारी भूकरमापक. दोघांतल्या एका भावालाच कोणी मोजणीची साखळी हातात देत नाही. आजचा आमचा विषय एवढाच आहे: मतदारसंघाचा धुरा आखताना ही साधी अक्कल आपण कुठे वापरतो आणि कुठे गहाण टाकतो.

अमेरिकेत या दुखण्याला नाव आहे, जेरीमँडरिंग. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या मतदारसंघरचनेवर सही केली. त्यातला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या प्राण्यासारखा वेडावाकडा दिसत होता. वर्तमानपत्रांनी त्याचं व्यंगचित्र काढलं आणि जेरी व सॅलॅमँडर जोडून शब्द तयार झाला. पण 'आकार वेडावाकडा, म्हणजे अन्याय' अशी जी समजूत त्यातून रूढ झाली ती आम्हाला अपुरी वाटते. कारण सांगतो.

पंचवीस घरांचं गाव घ्या. पंधरा घरं एका पक्षाची, दहा दुसऱ्याची. पाच वॉर्ड, प्रत्येकी पाच घरं, म्हणजे लोकसंख्या अगदी समान. आता प्रत्येक वॉर्डात तीन घरं मोठ्या पक्षाची आणि दोन लहान पक्षाची येतील अशा सरळ, देखण्या रेषा ओढा. पाचही जागा मोठ्या पक्षाला, चाळीस टक्के गावाला शून्य. उलट करा. लहान पक्षाची तीन-तीन घरं तीन वॉर्डांत ठेवा, चौथ्यात एक, पाचव्यात एकही नाही. दहा घरांच्या पक्षाला तीन जागा आणि पंधरा घरांचा पक्ष विरोधात! विरोधकांना काही वॉर्डांत कोंबायचं, बाकीच्यांत फोडायचं, एवढीच ती विद्या. घरं तीच, माणसं तीच, मतंही तीच. बदलली ती फक्त रेष.

म्हणजे समान लोकसंख्या ही न्यायाची पहिली अट झाली, पुरेशी अट नव्हे. हा फरक तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, पण अधिसूचना काढणाऱ्यांना तो शिकवत नाहीत.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर रूचो खटल्यात दोन नकाशे होते. नॉर्थ कॅरोलायनातला रिपब्लिकनांनी केलेला, मेरिलँडमधला डेमोक्रॅटांनी केलेला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, पक्षीय फायद्यासाठी रेषा आखण्याचा हा प्रश्न राजकीय आहे. किती म्हणजे फार, हे मोजायचं मापच आमच्याकडे नाही. या युक्तिवादावर आमचा आक्षेप आहे. परिपूर्ण न्याय कसा असतो हे सांगता आलं नाही तरी ढळढळीत अन्याय ओळखता येतो. अमर्त्य सेन यांच्या न्यायविचाराचा कणाच हा आहे. तापाला थर्मामीटर नव्हता तेव्हाही आपल्या आज्यांना कपाळावर हात ठेवून ताप कळत होताच की! निकालाचं फळ २०२५ मध्ये दिसलं. टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला, आणि कॅलिफोर्नियाने उत्तरादाखल आपला बदलला.

आता घरी येऊ. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या रेषा सत्ताधारी पक्ष आखत नाही. २००२ च्या कायद्याने नेमलेला, निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग होता. त्यात खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसले, पण त्यांना मताधिकार नव्हता. मोजणीदार वेगळा, भाऊ वेगळे. ही व्यवस्था चांगली आहे आणि तसं स्वच्छ म्हटलं पाहिजे. भंडारा-गोंदिया मतदारसंघ २००८ च्या रचनेतून आला. तिथून २००९ पासून राष्ट्रवादी, भाजप, काँग्रेस असे तीन पक्षांचे खासदार निवडून गेले. कोणा एकासाठी आखलेला मतदारसंघ असा वागत नाही.

मग सगळं ठीक आहे का? फुलचूरहून आमगावचा रस्ता धरा. तासाभराच्या आत तुमचा लोकसभा मतदारसंघ बदलतो. आमगाव, सालेकसा, देवरी हे आपल्याच जिल्ह्याचे तालुके, पण ते गडचिरोली-चिमूरमध्ये आहेत. त्या मतदारसंघाचं दुसरं टोक सिरोंचा, तेलंगणाच्या सीमेवर. सालेकसा ते सिरोंचा तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये जंगल, नद्या. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग-सुटसुटीत असावा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, हे त्याच कायद्यात लिहिलंय. सालेकशाच्या म्हातारीने खासदाराला गाठायचं कसं?

पण थांबा, दुसरी बाजूही आहे. अनुसूचित जमातींच्या राखीव जागा त्यांचं प्रमाण सर्वाधिक असेल तिथे असाव्यात, हेही तोच कायदा सांगतो. आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी हे चारही राखीव विधानसभा मतदारसंघ एकत्र आले म्हणून तिथे आदिवासी मताला वजन आलं. भूगोलाचा न्याय आणि समाजाचा न्याय इथे एकमेकांना छेदतात. यात पक्षीय डाव नाही, खराखुरा पेच आहे. आम्हाला विचाराल तर आम्ही समाजाच्या बाजूने झुकू. मात्र मग त्या अंतराची भरपाई करणं शासनाचं काम आहे आणि ते झालेलं नाही.

डाव खरा कुठे चालतो? खाली, शहरांत. महापालिकांचा इतिहास पाहा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०२१ मध्ये महाविकास आघाडीने तीनचा केला, २०२२ मध्ये सरकार बदलताच पुन्हा चारचा. मुंबईत २२७ चे २३६ झाले आणि २३६ चे परत २२७. मार्च २०२२ मध्ये तर प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतला, आणि पुढच्या सरकारने तो आनंदाने ठेवून घेतला. भावाच्या हाती साखळी आली! प्रभाग उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवावेत असा नियम आहे, हरकती-सुनावण्या आहेत, सगळं रीतसर. पण प्रभाग किती मोठा, हे ज्याने ठरवलं त्याचं निम्मं काम तिथेच होतं. प्रभाग मोठा झाला की पैसा आणि चिन्ह बोलतं. दोन गल्ल्यांत काम केलेला अपक्ष चाळीस गल्ल्यांत हरवतो. या भांडणात आणि आरक्षणाच्या वादात मुंबईसारख्या शहराने २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकाखाली काढली.

गंमत म्हणजे बहुसदस्य पद्धतीचा अनुभव याच भागाने आधी घेतलेला आहे. १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक द्विसदस्य मतदारसंघात झाली. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेवर खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि ते हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. मतदारसंघ अवाढव्य होतात म्हणून १९६१ च्या कायद्याने ही पद्धत देशभर मोडीत निघाली. जी लोकसभेला नको झाली ती नगरसेवकाला कशी हवी झाली, याचं उत्तर कोणत्याच सरकारने दिलेलं नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांना बोचणारा आहे. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठलेल्या आहेत, राज्यातल्या रेषा २००१ च्या जनगणनेवर. २०२४ च्या विधानसभेला चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते, वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. म्हणजे वडाळ्याचं एक मत चिंचवडच्या तिघांच्या बरोबरीचं. हे दुरुस्त व्हायलाच हवं. पण दुरुस्ती झाली की जागा कुठे जातील? पुणे, ठाणे, रायगड. २००८ च्या रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, लोकसभेच्या ११ वरून १०. पुढच्या वेळी आणखी घटतील. दक्षिणेतली राज्यं दिल्लीला जे म्हणतात तेच आपण मुंबईला म्हणणार आहोत.

तेव्हा 'आम्ही मागास आहोत म्हणून आमचं मत जड धरा' असं म्हणायचं का? जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ च्या परिसीमनात दुर्गम भूगोलाचं कारण होतं. ५६ टक्के लोकसंख्येच्या काश्मीर खोऱ्याला ९० पैकी ४७ जागा, म्हणजे ५२ टक्के मिळाल्या. तिथे हे कारण आपल्याला संशयास्पद वाटलं असेल, तर गडचिरोलीसाठी ते बिनसंशय कसं मांडता येईल? आमचं मत असं: दुर्गमतेसाठी सवलत द्यावी, पण तिचं माप आधी ठरावं, सर्व राज्यांना सारखं असावं, आणि ते ठरवताना कोणत्या जिल्ह्याला काय मिळणार हे ठरवणाऱ्याला ठाऊक नसावं. विदर्भाचा अनुशेष निधीतून मागावा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात राबणाऱ्या आपल्याच गोंदियाच्या पोराच्या मतातून तो वसूल करू नये.

२०२७ च्या जनगणनेनंतर हे सगळं दारात येणार आहे. नकाशाचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतींसाठी मुदत थोडीच असते, आणि हरकती बहुतेक इच्छुक उमेदवारच घेतात. फुलचूर ग्रामपंचायतीने ग्रामसभेत तो नकाशा भिंतीवर लावून वाचला, तर आमगावच्या रस्त्यावर रेष कुठे पडते ते इथल्या बायाबापड्यांनाही बोट ठेवून सांगता येईल. आता प्रश्न घेऊ. मागे त्या ताईंचा हात केव्हापासून वर आहे.