क्वेंच बदनाम, जोड मोकळा

एलएचसीतल्या १९ सप्टेंबर २००८ च्या अपघातावर मी जे लोकप्रिय लेख वाचले, व्हिडिओ पाहिले, त्यात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य भेटतं: चुंबक क्वेंच झाले आणि यंत्र बंद पडलं. ऐकायला सोपं आहे, पण कारण आणि परिणाम उलटे झालेत. पीएचडीच्या तयारीत हेच वाक्य डोक्यात बसलं, तर पुढचं सगळं वाचन तिरपं जातं.

आधी क्वेंच. नायोबियम-टायटॅनियमची केबल १.९ केल्विनला ११,८५० अँपिअर वाहते, रोध शून्य. गुंडाळीतली तार केसभर हलली, घर्षणाने तापली, की तेवढ्या ठिपक्यातली अतिवाहकता जाते. मग करंट शेजारच्या तांब्यात शिरतो, तांबं तापतं, ठिपका पसरतो. एका द्विध्रुवी चुंबकात साधारण ७ मेगाज्यूल ऊर्जा असते; ती सगळी त्या ठिपक्यात उतरली तर केबल वितळणारच. म्हणून उरलेली गुंडाळी मुद्दाम तापवायची! १०० मिलिव्होल्ट दिसले की ९०० व्होल्टला भरून ठेवलेले कपॅसिटर हीटरच्या पट्ट्यांत रिकामे होतात आणि उष्णता सगळीकडे वाटली जाते. म्हणजे क्वेंच गृहीत धरलेला आहे. नव्या चुंबकाला तर ट्रेनिंगमध्ये तो होऊ देतात.

या हीटरचे सुमारे ५,५०० वीजपुरवठा संच भारतातून गेले, आणि इंदूरच्या आरआरकॅटमार्फत अठराशेच्या आसपास दुरुस्ती-चुंबक. ‘भारताचं योगदान’ छापाच्या लेखांत हे आकडे येतात, पण लग्नातल्या आहेराच्या यादीसारखे. ही माझी दुसरी तक्रार. दुरुस्ती-चुंबक कशाला लागतात? तारेच्या बारीक तंतूंत आपले आपण फिरत राहणारे प्रवाह क्षेत्रात षट्ध्रुवी चूक आणतात. मुख्य करंट स्थिर असतानाही ती चूक हळूहळू सरकते, आणि करंट वाढवायला लागलं की झटक्यात मूळ जागी येते. एवढा सुंदर विषय, आणि आपण नग मोजतो.

आता तो दिवस. यंत्रात कण फिरतच नव्हते. सेक्टर ३-४ मध्ये करंट चढवत नेत होते, ८.७ किलोअँपिअरला पोचले. दोन चुंबकांमधल्या बसबारच्या एका जोडाचा रोध सुमारे २२० नॅनोओहम होता. चांगल्या जोडाचा असतो ०.३. करंटचा वर्ग गुणिले रोध करा: जेमतेम १७ वॅट, एका एलईडी ट्यूबएवढे. व्होल्टेज काढा: दोन मिलिव्होल्टसुद्धा नाही. आणि बसबारवरच्या संरक्षणाची मर्यादा होती १ व्होल्ट, म्हणजे पाचशे पटींनी वर. जोड तापत गेला आणि कुणाला पत्ता नाही. मग तो तुटला, ठिणगीने हेलियमचं आवरण फोडलं, सुमारे ६ टन हेलियम गेलं, चुंबक जागेवरून सरकले. नंतर ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. शेजारचे चुंबक क्वेंच झाले ते या गोंधळात.

आमच्या धनजकडे शेतातली मोटार बंद पडली की वायरमन आधी मोटार उघडत नाही; डीपीवरचा जोड काळा पडलाय का ते बघतो. गुंडाळीवर सगळ्यांचं लक्ष असतं, जोडावर कमी. या अपघाताचं खरं वर्णन मला तेच वाटतं.

अर्थात क्वेंच अगदीच निर्दोष नाही. एक चुंबक क्वेंच झाला तर करंट डायोडमधून वळतो, पण साखळीतल्या बाकीच्या दीडशे चुंबकांचा करंट उतरायला शंभर सेकंदांच्या घरातला कालस्थिरांक असतो. एवढा वेळ खराब जोडाच्या तांब्याला तो झेपेल का, हा खरा प्रश्न होता. त्याच भीतीने २०१० पासून यंत्र प्रति शलाका ३.५ आणि मग ४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवरच चालवलं. बसबारची मर्यादा ०.३ मिलिव्होल्टवर आणली, आणि २०१३-१४ मध्ये दहा हजारांवर जोडांना तांब्याचे पूल बसवले. २०१५ ला ६.५ गाठले.

सर्नच्या चौकशी अहवालात जोड आणि क्वेंच वेगळे ठेवलेत. तो हाती घ्या, पण त्याआधी ०.३ नॅनोओहमच्या जोडात ११,८५० अँपिअरला किती वॅट निघतात, ते स्वतः काढा.